चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या नव्या आवृत्त्या : सीडी घ्यावी की तबकडी?

पैनगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. मी मेहकर तालुक्यातील एका गावी शिक्षक आहे. चित्रपटांचे पार्श्वसंगीत, म्हणजे गाणी वगळून मागे जे वाजत असते ते, स्वतंत्रपणे ऐकण्याची आवड मला महाविद्यालयापासून आहे. गाण्यांचा संग्रह करणारी मंडळी आमच्या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे लोक कौतुकानेच पाहतात. परंतु ज्यात कोणी गातच नाही अशा संगीतासाठी पैसे मोजणारा मनुष्य जरा विक्षिप्त समजला जातो, त्यामुळे हा विषय गावात कोणाशी बोलता येत नाही.

आजवर मी मिळेल ते घेत आलो. आता मात्र जुन्या पार्श्वसंगीताच्या इतक्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या आहेत, की एकाच चित्रपटाचे तीन-चार अल्बम समोर येतात. नावे सारखी, मुखपृष्ठेही बहुतेक सारखी आणि किमतीत मात्र दुपटी-तिपटीचे अंतर. 'जॉज'चेच घ्या. १९७५ चा अल्बम वेगळा, २००० साली निघालेली सीडी वेगळी, २०१५ ची दोन सीडींची आवृत्ती आणखी वेगळी, आणि शिवाय नव्याने छापलेल्या तबकड्या. संगीत जॉन विल्यम्स यांचे एकच असताना यांत नेमका फरक कशाचा आहे, आणि शिक्षकाच्या पगारात यांपैकी एकच घ्यायची झाल्यास कोणती घ्यावी?

दुसरा प्रश्न आमच्या हवेचा आहे. माझ्याकडे बरा सीडी प्लेअर आहे आणि अलीकडे पट्ट्यावर चालणारा एक जुना टर्नटेबलही आणला आहे. घराच्या मागच्या भागावर टिनाचे छत आहे, उन्हाळ्यात दिवसभर कूलर चालतो, आणि हंगामात जवळच्या जिनिंगमधला कापूस अक्षरशः घरभर उडत असतो. अशा ठिकाणी तबकड्यांमध्ये पैसे गुंतवणे शहाणपणाचे आहे का?

तिसरे असे, की हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे असे संपूर्ण अल्बम का दिसत नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अचलपूरचा श्रोता

सर, आपल्या पहिल्या प्रश्नात माध्यमाचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी ध्वनिमुद्रण कोणते आहे ते पाहा. गाण्यांच्या बाबतीत आपल्याला अशी सवय असते, की गाणे एकदा मुद्रित झाले आणि तेच तबकडीवर, कॅसेटवर, सीडीवर फिरत राहिले. पाश्चात्त्य चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात तसे नसते. चित्रपटासाठी, पडद्यावरच्या दृश्याला मोजूनमापून वाद्यवृंदाने जे वाजवले ते एक ध्वनिमुद्रण; तेच संगीत संगीतकाराने अल्बमसाठी पुन्हा, तुकडे जोडून आणि ऐकायला सलग होईल अशा रीतीने वाजवून घेतले तर ते दुसरे; आणि कित्येक वर्षांनी एखाद्या तिसऱ्याच वाद्यवृंदाने स्वरलिपी समोर ठेवून वाजवले तर ते तिसरे. तिन्हींच्या मुखपृष्ठांवर चित्रपटाचे नाव तेच असते.

'जॉज'चा १९७५ चा अल्बम हा दुसऱ्या प्रकारातला आहे. तो सुमारे ३५ मिनिटांचा असून विल्यम्स यांनी तो खास अल्बमसाठी पुन्हा मुद्रित केला होता. आपण चित्रपटगृहात जे ऐकले, ते मूळ मुद्रण प्रथम २००० साली सीडीवर आले. २०१५ ची आवृत्ती इन्ट्राडा या अमेरिकी प्रकाशकाची असून तिच्या दोन सीडींमध्ये चित्रपटातले संगीत आणि १९७५ चा अल्बम असे दोन्ही एकत्र आहेत. एकच घ्यायची असेल तर माझे मत निःसंशय हिच्या बाजूने आहे. नव्या तबकड्यांपैकी कोणती कशावरून छापली आहे, हे एकूण कालावधीवरून बहुतेक कळते. एकच तबकडी आणि पस्तीसेक मिनिटे असतील, तर तो जुना अल्बम समजावा.

जुने अल्बम इतके आखूड का, याची दोन कारणे आहेत. तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेशी असलेल्या करारानुसार, चित्रपटासाठी वाजवलेले संगीत अल्बमवर आणायचे झाल्यास वादकांना वेगळे मानधन द्यावे लागे आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या बाबतीत ही रक्कम फार होई. म्हणून अर्ध्या तासाचे अल्बम निघत. पुढे मर्यादित प्रतींच्या आवृत्त्यांसाठी सवलतीची वाट निघाली, आणि इन्ट्राडा, ला-ला लँड, व्हारेझ साराबांद यांसारखे प्रकाशक १,००० किंवा ३,००० प्रतींच्या आवृत्त्या काढू लागले, त्यामागचे अर्थकारण बरेचसे हे आहे. प्रती संपल्या की जुन्या बाजारात भाव चढतो. मात्र 'संपत आल्या' एवढे वाचून घाईने मागणी नोंदवू नये. ज्या संगीताला मागणी असते त्याची पुढची, बहुधा अधिक चांगली आवृत्ती काही वर्षांत निघतेच.

तीन प्रकारांचा हा भेद किती टोकाला जातो, हे दोन उदाहरणांवरून लक्षात येईल. 'सायको' हा चित्रपट १९६० चा. त्यात बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. त्या वेळी त्याचा अल्बम निघालाच नाही. हर्मन यांनी स्वतः १९७५ मध्ये लंडनला ते पुन्हा मुद्रित केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले. हे मुद्रण संगीतकाराच्या हातचे असूनही चित्रपटापेक्षा संथ आहे. स्नानगृहातल्या खुनाचा तो प्रसंग मनात धरून ऐकणाऱ्याला ते खटकते, आणि केवळ संगीत म्हणून ऐकणाऱ्याला त्यात तंतुवाद्यांचे असे बारकावे सापडतात, जे चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर कधी ऐकूच आले नव्हते. दुसरे उदाहरण 'ब्लेड रनर'चे. १९८२ मध्ये चित्रपटाबरोबर जो अल्बम विकला गेला, त्यात संगीतकार व्हँगेलिस यांचे वादनच नव्हते. न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्रा या नावाच्या वाद्यवृंदाने वाजवलेली ती नक्कल होती. व्हँगेलिस यांचा स्वतःचा अल्बम यायला १९९४ उजाडले. जुन्या बाजारात ती १९८२ ची तबकडी 'मूळ आवृत्ती' म्हणून चढ्या भावाने दाखवली जाते. ती मूळ आहे हे खरे, फक्त संगीत मूळ नाही.

तेव्हा मागच्या पानावरची बारीक अक्षरे वाचत चला. 'ओरिजिनल साउंडट्रॅक' या शब्दांवर विसंबू नये. ध्वनिमुद्रणाची तारीख, ठिकाण आणि वाद्यवृंदाचे नाव दिलेले असते. चित्रपट १९६० चा आणि मुद्रण १९७५ चे असेल, तर निराळा पुरावा लागत नाही.

संत्र्याची बाग

अचलपूरकर भाऊंची माहिती बिनचूक आहे. परंतु 'सगळे मिळते म्हणून ते चांगले' हा जो सूर त्यांच्या लिखाणात आहे, तो मला मान्य नाही. चित्रपटात वाजलेला संगीताचा प्रत्येक तुकडा, त्यात वीस सेकंदांचे दार उघडण्याचे आणि अर्ध्या मिनिटाचे गाडी वळण्याचे संगीतही आले, क्रमाने लावून ऐकायला बसले की तिसाव्या तुकड्याला मनुष्य उठून बागेला पाणी द्यायला जातो. मी तरी जातो. विल्यम्स यांनी 'जॉज'चा अल्बम पुन्हा मुद्रित केला तो नाइलाज म्हणून केला, असे समजण्याचे कारण नाही. 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या दोन तबकड्यांच्या अल्बमवर त्यांना जागेची फारशी अडचण नव्हती, तरीही त्यांनी तुकड्यांचा क्रम चित्रपटाप्रमाणे न ठेवता ऐकण्याच्या सोयीने लावला. १९९७ च्या सीडींवर ते सर्व चित्रपटाच्या क्रमाने आणि पुष्कळ वाढवून आले. अभ्यासासाठी मी त्या सीडी काढतो; ऐकण्यासाठी मात्र १९७७ चाच क्रम.

म्हणूनच मला वाटते, की तबकडीच्या नव्या आवृत्त्यांचे महत्त्व ध्वनीपेक्षा रचनेत आहे. त्यांतल्या बहुतेक संगीतकाराने किंवा निर्मात्याने चाळून ठेवलेला तो चाळीस मिनिटांचा अल्बम जसाच्या तसा देतात. बाजू संपली की उठावे लागते, आणि ती बाजू कोठे संपावी हेही कोणीतरी विचार करून ठरवलेले असते. 'तबकडीचा आवाज अधिक ऊबदार' वगैरे जे बोलले जाते, त्यावर मी पैसे खर्च करणार नाही. आजच्या पुष्कळ तबकड्या संगणकावरच्या फाइलीवरूनच कापलेल्या असतात, आणि ती फाइल नीट केलेली असेल तर तबकडी चांगली वाजते, नसेल तर १८० ग्रॅम वजनाची असूनही वाईटच वाजते. वजनाने तबकडी जड होते, एवढेच.

सीडीकडेही डोळे मिटून पाहू नये. जुन्या मूळ फितीवरचा खसखस आवाज काढण्याच्या नादात पुष्कळ नव्या आवृत्त्यांमध्ये झांजांची आणि व्हायोलिनची वरची झळाळीही पुसली जाते. पार्श्वसंगीतात शांत जागा फार असल्याने खसखस जास्त जाणवते, आणि म्हणून असा अतिरेकही तेथेच जास्त होतो. माझ्या कानाला थोडी खसखस चालते. मेलेली व्हायोलिन चालत नाहीत.

आर्वी रेडिओ

नमस्कार. माझे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचे काम आहे, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नात जे तीन शत्रू आहेत, टिन, कूलर आणि कापूस, त्या तिघांशी माझा रोजचा संबंध येतो. संगीताबद्दल वरच्या मंडळींनी लिहिलेच आहे.

तबकडीचे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. वैशाखात आपल्याकडे सावलीतले तापमान पंचेचाळीसच्या वर जाते, हे खरे असले तरी नुसत्या त्या हवेने उभी ठेवलेली तबकडी वाकत नाही. वाकते ती तीन ठिकाणी : बंद मोटारीत, टिनाखाली माळ्यावर, आणि पार्सलवाल्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत. पहिली दोन ठिकाणे आपल्या हातात आहेत. आपल्या घराचा पुढचा भाग धाब्याचा किंवा कवेलूचा असेल, तर तबकड्या तिकडे आतल्या, पश्चिमेकडे नसलेल्या भिंतीला लावून ठेवा. जमिनीपासून वीतभर वर, एकदम सरळ उभ्या. तिरक्या नकोत आणि एकावर एक आडव्या तर मुळीच नकोत, कारण उष्णतेबरोबर दाब आला की कमी तापमानातही तबकडी बाक घेते. तिसऱ्या ठिकाणाचा उपाय एवढाच, की मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत तबकडी मागवू नये. नवतपाच्या दिवसांत मागवलेली तबकडी माझ्याकडे आली तेव्हा तिचे कव्हर निर्मळ होते आणि आतली तबकडी पापडासारखी झाली होती.

वाकलेली तबकडी ओळखायला ती फिरत असताना डोळे तिच्या पातळीला आणा आणि सुईच्या डोक्याकडे पाहा. प्रत्येक फेऱ्यात डोके थोडे वर-खाली झाले तरी बिघडत नाही; मात्र वर चढताना सुईची दांडी दबते आणि उतरताना ती मोकळी होते, असे स्पष्ट दिसू लागले की त्या जागी संथ स्वर हेलकावणार. गाण्यात ते एक वेळ खपून जाते. लांबवलेल्या व्हायोलिनच्या किंवा बासरीच्या सुरात लगेच पकडले जाते, आणि पार्श्वसंगीतात तर असेच सूर जास्त.

कूलरने खोली गार होते, पण हवेत ओल भरते. त्या ओलीने तबकडीचे काही बिघडत नाही. कव्हरचा पुठ्ठा आणि आतली कागदी पिशवी यांवर मात्र तांबूस ठिपके पडतात, आणि पावसाळ्यात तेथेच बुरशी धरते. कागदी पिशवी काढून पातळ प्लास्टिकची आतली पिशवी वापरावी. कूलरचा झोत ज्या भिंतीवर येतो, तेथे कपाट नको.

आता कापूस. जिनिंगच्या दिवसांत उडणारा तंतू इतका बारीक असतो, की तबकडीवर दिसत नाही. एक बाजू वाजवून झाल्यावर सुईच्या टोकाला मात्र राखाडी बोंडासारखा गोळा लटकलेला दिसतो. त्यामुळे शेवटच्या पाच-सात मिनिटांत आवाज जो फाटतो, त्याचे खापर लोक छपाईवर फोडतात. सुई मागून पुढे, एकाच दिशेने, मऊ ब्रशने साफ करावी. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तबकडीवर स्थिर वीज साचते आणि ती तंतू ओढून घेते, म्हणून त्या दिवसांत कार्बनच्या तंतूंचा ब्रश हवाच. झाकण लावून वाजवणे उत्तम.

एक गोष्ट टर्नटेबलबद्दल. जुन्या बाजारात अमेरिकेतून किंवा जपानहून आलेली यंत्रे मिळतात. व्होल्टेज उतरवायला ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले, असे विकणारे सांगतात. पण ज्यात विजेच्या आवर्तनावर चालणारी मोटर असते, त्याचा वेग व्होल्टेजवर नव्हे तर आवर्तनावर ठरतो. अमेरिकेत ते सेकंदाला ६० आहे आणि आपल्याकडे ५०. अशा यंत्रावर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि संगीत साधारण तीन पट्ट्या खाली उतरते. काळी पाचमधली रचना पांढरी पाचमध्ये ऐकू येते. त्याला ५० चीच कप्पी लागते. आपल्या यंत्रात डीसी मोटर असेल तर ही अडचण नाही. भारनियमनात साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मात्र टर्नटेबल चालवू नये. सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या फोनो विभागात घरघर येते, आणि तेथेही शांत संगीताचाच बळी जातो.

सीडीला यातले बहुतेक काही लागत नाही. तिचे पॉलिकार्बोनेट आपल्या उन्हाळ्याला भीत नाही. मी आपल्या जागी असतो तर पार्श्वसंगीताचा मूळ संग्रह सीडीवर केला असता.

पैनगंगाकाठ

आर्वीच्या दादांचे विशेष आभार. घराचा पुढचा भाग धाब्याचाच आहे. कपाट आजच तिकडे हलवतो. हिंदीबद्दल कोणी लिहील काय?

वैनगंगा

सर, हिंदीबद्दल मी लिहिते. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की गाणी ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ताब्यात गेली आणि पार्श्वसंगीत निर्मात्याच्या डब्यात राहिले. गाण्यांच्या मूळ फिती कंपनीकडे असत. त्यांचा व्यापार होता, म्हणून त्या जपल्या गेल्या. पार्श्वसंगीत सर्वसाधारणपणे पडद्यावर चित्रपट चालवून, त्याच्यासमोर वादकांना बसवून ३५ मिलिमीटरच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होई, आणि नंतर संवाद व इतर आवाजांबरोबर एकत्र मिसळले जाई. मिश्रण झाल्यावर त्या वेगळ्या फितीची गरज कोणालाच उरत नसे. वाद्यांचे संगीत वेगळे विकत घेणारा ग्राहकही तेव्हा नव्हता. आपल्यासारखी विक्षिप्त मंडळी थोडी आधी जन्मायला हवी होती.

त्यामुळे हिंदीत पार्श्वसंगीत तबकडीवर आले ते आडवाटेने. 'शोले'च्या १९७५ च्या पॉलिडॉरच्या अल्बमवर राहुल देव बर्मन यांचे शीर्षकसंगीत स्वतंत्र आहे. परंतु खरा खजिना नंतर निघालेल्या संवादांच्या तबकडीत आहे. अमजद खान यांचे संवाद ऐकण्यासाठी लोकांनी ती घेतली आणि लग्नात, गणपतीत, पोळ्यात ती भोंग्यावर वाजवली. त्या संवादांच्या मागे बर्मन यांचे पार्श्वसंगीतही खेडोपाडी पोहोचले, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. संवादांच्या मधल्या जागा ऐका. 'पाकीज़ा'चे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले, चित्रपट १९७२ मध्ये आला, पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केले. आणि चित्रपटात न घेतलेली गुलाम मोहम्मद यांची गाणी १९७७ मध्ये 'पाकीज़ा रंग बरंग' या नावाने वेगळ्या तबकडीवर आली. आज परदेशी प्रकाशक 'विस्तारित आवृत्ती' म्हणून जे करतात, त्याचाच हा आपल्याकडचा जुना नमुना म्हणता येईल.

केवळ वाद्यसंगीत हवे असेल, तर रविशंकर यांच्याकडे वळावे. 'पथेर पांचाली'च्या मूळ संगीतावर आधारलेली रचना त्यांच्या १९६२ च्या 'इम्प्रोव्हायझेशन्स' या अल्बमवर आहे, आणि अचलपूरच्या भाऊंच्या वर्गीकरणात ती पुन्हा वाजवलेल्या प्रकारात बसते. 'गांधी' (१९८२) चे संगीत रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांचे असून त्याचा अल्बम चित्रपटाबरोबरच निघाला होता. सत्यजित राय यांनी 'तीन कन्या'पासून (१९६१) आपल्या चित्रपटांचे संगीत स्वतःच दिले. त्यातले काही तुकडे २००७ च्या 'द दार्जिलिंग लिमिटेड' या अमेरिकी चित्रपटाच्या अल्बमवर आले आणि पुष्कळ परदेशी श्रोत्यांनी ते तेथेच प्रथम ऐकले. आपल्या संगीताला असा वळसा घ्यावा लागतो, याचे वाईट वाटते. पण सीडी सुरेख आहे.

जुन्या तबकड्यांबद्दलही सांगते. आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावच्या लाऊडस्पीकरवाल्यांकडे तबकड्यांचे गठ्ठे असत. कॅसेट आल्यावर ते माळ्यावर गेले आणि आता त्यांची मुले ते वजनावर काढतात. मी त्यांतून पुष्कळ घेतले आहे. कव्हर फाटलेले, वर हळदीची बोटे, आणि मालकाचे नाव मात्र तबकडीच्या मधल्या गोल कागदावर निळ्या शाईत ठसठशीत. नाव असल्याचे मला काही वाटत नाही. पाहायचे ते खाचांकडे. या तबकड्या जड सुईच्या चेंजरवर, म्हणजे तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रावर, वाजलेल्या असतात. आजच्या कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो, त्या काळच्या साध्या सिरॅमिक सुया पाच-सहा ग्रॅम सहज दाबत. उन्हात तिरकी धरल्यावर काळी चमक जाऊन राखाडी झाक दिसली, की ती खाच संपली समजावे. धुऊन ती परत येत नाही. नवल असे, की पहिले गाणे पार झिजलेले असते आणि बाजूच्या शेवटचा वाद्यसंगीताचा तुकडा कोरा करकरीत, कारण मांडवात तो कोणी वाजवलाच नाही. आमच्यासारख्यांचा फायदा तेवढाच.

जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या असत, आणि लाख तर आमच्याच पळसावर होते, हे जाता जाता. त्या पडल्या की फुटतात. मात्र पार्श्वसंगीतासाठी त्यांच्या मागे लागण्यासारखे फार काही नाही.

हिंदीच्या नव्या सीडी घेताना एक पथ्य पाळावे. मागच्या बाजूस 'झंकार' हा शब्द दिसला की ती परत ठेवावी. मूळ मुद्रणावर नंतरचे ठोके चढवलेल्या त्या आवृत्त्यांमध्ये शीर्षकसंगीताचीही सुटका झालेली नाही.

अचलपूरचा श्रोता

ताईंच्या प्रतिसादानंतर मला माझा आग्रह थोडा सैल करायला हरकत नाही. संवादांच्या तबकडीचा विचार मी या दृष्टीने केला नव्हता. 'संत्र्याची बाग' यांच्याशी मात्र माझा वाद कायम आहे. वीस सेकंदांचा तुकडा नको असेल तर सीडीवर तो ओलांडता येतो; अल्बममध्ये जो घेतलाच नाही, तो मात्र कोणत्याही बटणाने ऐकता येत नाही.

पुसदकर

मागवण्याविषयी कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून थोडे लिहितो. परदेशातून मागवताना अल्बमच्या किमतीइतकाच टपालखर्च होतो, आणि सीमाशुल्क हे किंमत अधिक टपाल अशा एकूण रकमेवर लागते, हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे. येथे सीडी आणि तबकडी यांतला फरक ठळक होतो. डबीसकट सीडी शंभरेक ग्रॅमची, तबकडी पुठ्ठ्यांसह अर्ध्या किलोच्या घरात. त्यातही विक्रेत्याला सांगून सीडीची प्लास्टिकची डबी काढायला लावली आणि फक्त चकती व पुस्तिका मागवली, तर वजन आणखी उतरते. डबी आपल्याकडे मिळते. तबकडीसाठी मात्र विक्रेत्याला एकच अट घालावी : तबकडी कव्हरच्या बाहेर, आतल्या पिशवीत वेगळी ठेवून पाठवा. कव्हरच्या आत ठेवलेली तबकडी प्रवासात आपटून कव्हरच्या वरच्या कडेला सरळ चीर पाडते.

पत्ता देताना तालुक्याच्या टपाल कार्यालयाचा पिनकोड आणि मोबाइल क्रमांक ठळक लिहावा. आमच्या गावात खासगी कुरिअर येत नाही; ते जिल्ह्याच्या ठिकाणीच थांबते आणि 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा मारून परत जाते. टपाल खाते मात्र दारापर्यंत येते. पोस्टमन भाऊंना एकदा आत काय असते ते दाखवून ठेवले, म्हणजे पाकीट दुमडून पेटीत कोंबले जात नाही.

खरेदीपूर्वी डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर त्या अल्बमच्या सर्व आवृत्त्या पाहाव्यात. कोणती कधी, कोठे छापली आणि तबकडीच्या खाचा संपल्यावरच्या कोऱ्या भागावर कोणता क्रमांक कोरलेला आहे, हे तेथे दिलेले असते. विक्रेत्याला त्या क्रमांकाचे छायाचित्र मागावे. पाठवायला टाळाटाळ झाली, तर दुसरा विक्रेता पाहावा.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'जॉज'ची २०१५ ची आवृत्ती मागवण्याचे ठरवले आहे, आणि तबकड्यांपैकी 'स्टार वॉर्स'ची १९७७ च्या क्रमाची एक, तीही पावसाळा सुरू झाल्यावर. शेवटचा एक प्रश्न : जुन्या बाजारात सीडी घेताना ती कारखान्यात छापलेली आहे की कोणी घरी उतरवलेली, हे पाकीट न फोडता कसे ओळखावे? आणि सीडी आपोआप खराब होते असे म्हणतात, ते कितपत खरे?

आर्वी रेडिओ

पाकीट फोडल्याशिवाय खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून जुनी सीडी उघडून पाहू दिली तरच घ्यावी. कारखान्यातली सीडी खालच्या बाजूने चांदीसारखी पांढरी असते. घरी उतरवलेलीत रंगाचा थर असल्याने हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक येते, आणि तो रंग उन्हाने उडतो. मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यात बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो, तोही पाहावा.

आपोआप खराब होण्याचे म्हणाल, तर ते काही ठराविक छपाईंबाबत खरे आहे. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या पुष्कळ सीडी कडेकडून तांबूस होत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. त्या काळातल्या इंग्लंडच्या छपाईची सीडी घेताना कडा उजेडात नीट पाहावी. बाकी सीडीचा जो नाश आपल्याकडे होतो, तो वरच्या छापील बाजूवर ओरखडा गेल्याने. माहिती त्या बाजूच्या अगदी लगत असते, खालच्या बाजूला जाड प्लास्टिकचे संरक्षण असते. म्हणून खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा येत नाही. चकती उजेडासमोर धरून पाहा : सुईच्या टोकाएवढी छिद्रे चमकताना दिसली, तर ती ठेवून द्या आणि दुसरी मागा.